फौजदाराच्या जबड्यातली फुटकी दाढ

मी दाढ बोलतेय. हळू बोलतेय, कारण जरा जोर लावला की कळ निघते, आणि कळ निघाली की फौजदार कण्हतो. फौजदार म्हणजे वरकुट्याच्या सावळाराम आबांचा कुत्रा. त्याच्या वरच्या जबड्यात, उजव्या डोळ्याच्या बरोब्बर खाली माझं घर आहे. आत्ता आम्ही शेजारच्या संभाजीच्या पिकअपमधून बारामतीला चाललोय. तिथं मला उपटणार आहेत. माझी पाचावर धारण बसलीय. पण मला नुसती उपटण्याची भीती नाही. एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. ती कुणाला न सांगताच मी गेले तर या कुत्र्याचं काय होईल, याची मला जास्त भीती वाटते.

फौजदार लहान पिल्लू होता तेव्हा दुधाच्या दाताला ढकलून मी बाहेर आले. कुत्र्याच्या तोंडात मान सगळा सुळ्यांना. लोक सुळे बघूनच दोन पावलं मागे सरतात. पण सुळे मिरवायला. कातरायचं काम माझं आणि माझ्या खालच्या जोडीदारणीचं. मला त्याचा थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोलू!

आबांच्या गोठ्यात गाई आहेत. त्यांचे खूर वाढले की साळायला माणूस येतो. खुराचे तुकडे खाली पडले की फौजदार शेपटी हलवत हजर. आबा त्यातला चांगला जाड तुकडा निवडून पत्र्यावर उन्हात टाकायचे. वाळून दगडासारखा झाला की मग द्यायचे. "चाव लेका. दात बळकट व्हतील," असं म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. सगळ्या आळीचा तसाच समज होता आणि माझाही होता. आबांनी ते प्रेमानंच केलं. कंजूष माणूस असता तर आज मी शाबूत असते.

उन्हाळ्यात एका दुपारी 'कट्' असा आवाज झाला. फौजदारानं मागं वळून बघितलं, जणू आवाज दुसऱ्याच कुणी केला. माझी बाहेरची अख्खी कपची उडाली होती आणि आतली शीर उघडी पडली होती.

कुणाच्या लक्षात आलं नाही. माणसांचं एक बघून ठेवलंय मी. स्वतःच्या दातात शेंगदाण्याचं टरफल अडकलं तरी आरशापुढं तोंड वासून उभी राहतात. कुत्र्याचा ओठ मात्र वर्षानुवर्षं कुणी उचलून बघत नाही. आणि कुत्र्याची जात अशी, की दुखणं लपवायचं. फौजदार डावीकडून चावायला लागला. मग भाकरी नुसती गिळायला लागला. मग माझ्या मुळाशी पू झाला, डोळ्याखाली सूज आली, तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. हौदातल्या गार पाण्याला जीभ लावली की झणका बसायचा आणि तो मागं उडी मारायचा.

लाळ गाळणारा, पाण्यापासून मागं सरणारा कुत्रा! बघणाऱ्यानं काय समजायचं?

आबांची नात वल्लरी पहिलीत आहे. फौजदार जेवत नाही म्हणून ती रडवेली झाली होती. तिची आई, आबांची सून सुप्रिया, धारा काढत असताना ती भाकरीचा तुकडा घेऊन आली आणि "खा ना रं" म्हणत तिनं तो त्याच्या तोंडात कोंबला. तिचं बोट आत आलं आणि थेट माझ्या उघड्या शिरेवर बसलं.

ती कळ मी कशी सांगू? डोळ्यापुढं अंधारी आली. जबडा खटकन मिटायला निघाला, आणि तिच्या मनगटावर सुळा घासून निघाला. वल्लरी किंचाळली.

त्यानंतर जे झालं, त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. सुप्रियानं दुधाची चरवी टाकली, पोरीला उचललं, साबण लावून नळाखाली कितीतरी वेळ हात धुतला आणि तशीच दवाखान्यात पळाली. सुया त्याच दिवशी सुरू झाल्या. इकडं शेजारचा संभाजी पहार घेऊन आला.

"आबा, बाजूला व्हा. पिसाळलंय ते. लाळ बघा, पान्याला भितंय. आजच संपवू या, न्हायतर उद्या गावातलं लेकरू जाईल."

संभाजी वाईट माणूस नाही. भ्यालेला होता, आणि भ्यायलाच हवं असाच तो रोग आहे. आबा गोठ्याच्या दारात उभे राहिले. "आदी डॉक्टरीन येऊ दे, संभा. मग तुला काय करायचं ते कर." आत साखळीला बांधलेला फौजदार शेपटी हलवत होता. आपल्यालाच मारायची बोलणी चाललीत, हे त्याला काय कळणार? मला कळत होतं, आणि मला तोंडच नव्हतं.

गाईंना बघायला येणाऱ्या मनिषा मॅडम आल्या. त्या जवळ आल्या नाहीत. लांबून नुसतं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कोमट पाणी ठेवा बरं त्याच्यापुढं. काठीनं सरकवा."

फौजदारानं मान डावीकडं तिरकी केली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"गारव्याला भितोय तो. डोळ्याखाली सूजही आहे. दाढ फुटलेली असणार," त्या म्हणाल्या. मी सापडले होते! "पण एवढ्यावर मी काही ठरवणार नाही. दहा दिवस बांधून ठेवा, कुणी हात लावायचा नाही. औषध खाण्यातून द्या. पोरीची एकही सुई चुकवू नका. दहा दिवस तो धड राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजायचं. मग दाढ काढू."

ते दिवस कसे गेले विचारू नका. आबा सकाळी उठले की आधी गोठ्याकडं धावायचे. फौजदार उभा दिसला की मगच चूळ भरायचे. तो एक दिवस जगला की माझा एक दिवस कमी व्हायचा. तरी मी मनात म्हणायचे, जग बाबा.

तो जगला. औषधानं सूजही उतरली. मॅडमनी वाळका खूर हातात घेऊन आबांना समजावलं. "हा स्वतःच्या गुडघ्यावर मारून बघा, आबा."

आबांनी मारला. "आयाया!"

"तुमच्या गुडघ्याला लागतं ते त्याच्या दाताला लागणारच. नख दाबलं तर रुतलं पाहिजे, असंच काहीतरी चावायला द्या. खूर नको, शिंग नको, मटणाची नळी नको. शिजलेलं हाड तर फुटून घशात जातं. मऊ रबराचं खेळणं आणा, अख्खं गिळता येणार नाही एवढं मोठं. आणि चावताना लक्ष ठेवा."

"उसाचं कांडं?" गोठ्यात डोकावलेल्या संभाजीनं विचारलं.

"तेही नको. चोयट्या पोटात अडकतात."

सगळं मार्गाला लागलं असं मला वाटलं. पण त्याच संध्याकाळी सुप्रिया चुलीपुढून उठून आली. "आबा, माझं लेकरू हाय. दात दुखत व्हता का डोकं, मला ठावं न्हाय. आज मनगट व्हतं, उद्या तोंड आसंल. दाढ काढून आणा, अन् येताना त्याला डाळजच्या फुडं हायवेला सोडा. माज्या दारात नको."

तिनंच त्याला वाटीनं दूध पाजून वाढवलं होतं, आणि तीच बोलत होती. हायवेला त्या भरधाव ट्रकांमध्ये हा बावळट फौजदार किती वेळ टिकेल?

...आलो आम्ही. मॅडमचा दवाखाना आहे. वल्लरीची सुई आजच बारामतीत आहे म्हणून सुप्रियाही तिला घेऊन सोबत आलीय. फौजदाराला टेबलावर घेतलं. गुंगीचं इंजेक्शन दिलं. डोकं धरायला आबा पुढं झाले, पण सुई टोचलेली बघून त्यांनी तोंडच फिरवलं.

"द्या हिकडं," सुप्रिया म्हणाली आणि तिनं डोकं धरलं.

मॅडमनी ओठ वर उचलला. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडं नीट बघतंय. मला लाजही वाटतेय आणि भीतीही.

"ही बघा. अर्धी उडालीय, शीर उघडी आहे. नुसता वारा लागला तरी जीव जात असेल त्याचा."

सुप्रिया बघत राहिली. मग दारात उभ्या असलेल्या वल्लरीकडं तिनं बघितलं. "वल्लू, तुजं बोट कुठं लागलं व्हतं गं?"

"तितंच. त्या फुटक्या दाढंला."

"म्हंजी बोट पुरतं आत व्हतं?"

"व्हय. मी सांगितलं तर तू ऐकलंच न्हाय."

सुप्रियानं पोरीला जवळ बोलावून तिचं बोट मोकळ्या हातात घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. त्याच्यावर साधा वणही नव्हता.

हेच! हेच मला सांगायचं होतं. ते कोवळं बोट माझ्यात आणि खालच्या दाढेत सापडलं होतं. आम्ही दोघी मिळून हाड कातरतो. पण जीव जाणाऱ्या त्या कळेतही फौजदारानं जबडा अर्ध्यावर आवरला आणि मान बाजूला हिसडली. त्या हिसड्यात सुळा घासला, तेवढाच काय तो ओरखडा.

"आवरलंस व्हय रं," सुप्रिया त्याच्या कानाशी पुटपुटली. "एवढं दुखत असून बी आवरलंस."

दारातून संभाजीनं हळूच विचारलं, "वैनी, जाताना गाडी डाळजकडनं घेऊ का?"

"न्हाय," ती डोकं न उचलताच म्हणाली. "सरळ घरी."

आता जीभ सैल पडलीय. मीही बधिर होत चाललेय. चिमट्याचा आवाज येतोय आणि मला अजूनही भीती वाटतेय. पण जबडा उघडा धरायला सुप्रियानं आत हात घातलाय आणि तिनं तो काढून घेतलेला नाही. तिनं तो तसाच धरलाय तोवर मला काढून घ्या.