बिल्ला नंबर एकशे चौदा

आमच्या गल्लीत मी दिसले की लोक मिठाची बरणी लपवतात. मी आरोग्य केंद्राची सेविका. दारोदार फिरून कमावत्या माणसांचं बीपी तपासते आणि मीठ कमी करा, चाला, तंबाखू सोडा म्हणून त्यांचं डोकं खाते. कोणी म्हणालं, "ताई, आधी घरचं बघा," की मी पिशवीतून नवऱ्याच्या डेपोतल्या कार्डाची झेरॉक्स काढून त्याच्या नाकासमोर धरायची. नवरा बस चालवतो. डेपोत दर तीन महिन्यांनी तपासणी होते, आणि दोन वर्षं त्याचं बीपी कसं शहाण्या मुलासारखं एका जागी बसलेलं. ते कार्ड बघूनच शेजारच्या शिंपीणबाईंनी पथ्य सुरू केलं.

घरी मात्र त्याने मला कधी बीपीचा पट्टा बांधू दिला नाही. "घरात मला बायको हवी, नर्स नको," म्हणायचा. आणि मी लाजायची. या वयात लाजायची, काय सांगू!

परवा डेपोची सिस्टर रजेवर गेली, तिच्या जागी मला पाठवलं. नवऱ्याला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, रांगेत येईल आणि दचकेल.

ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत टेबल मांडलं. आठ-दहा जण झाले आणि मी हसू दाबत पुकारलं, "बिल्ला नंबर एकशे चौदा."

एक काटकुळा माणूस पुढे आला. नखांत ग्रीस. त्याने माझ्या नवऱ्याचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि बाही वर केली.

"एकशे चौदा तुम्ही?"

"हो, मीच."

रांगेतल्या एकानेही चकार शब्द काढला नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. माझे हात सवयीने चालले, पट्टा बांधला. एकशे अठरा, शहात्तर. दोन वर्षं मी गल्लीभर मिरवलं ते या दंडाचं बीपी.

"मी त्याची बायको," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, मी वर्कशॉपातला. त्याने फार गळ घातली हो."

"कुठे आहे तो?"

"गाडीत."

मी मशीन आणि कार्ड उचललं आणि तडक गाडी गाठली. नवरा स्टिअरिंगवर बसून आरसा पुसत होता. माझ्या हातातलं मशीन बघून त्याला सगळं कळलं.

"हात पुढे करा."

एकशे चौऱ्याण्णव, एकशे सोळा. पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतलं. तेवढंच.

"जास्त आलं की गाडी काढून घेतात," तो म्हणाला. "वीस वर्षं चालवतोय मी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू खरं लिहिलं असतंस."

त्याच्या सोबतीने मी दोन वर्षं अळणी जेवले होते. रडू आलं नाही, संताप आला. जगासमोर ज्याच्या जोरावर मी तोंड वर करून बोलत होते, त्यानेच मला खोटं पाडलं होतं.

मागे प्रवासी चढू लागले. एक बाई लेकराला खिडकीशी बसवत होती.

"लिहू नकोस," तो हळूच म्हणाला. "आजचा दिवस नुसती बायको हो."

मी लिहिलं. त्याच्यासमोरच, जुन्या आकड्यांच्या खाली, ठळक.

दुसरा ड्रायव्हर आला आणि बस दहा मिनिटं उशिरा सुटली. आम्ही दोघं डेपोच्या डॉक्टरांच्या दाराशी बाकावर बसलो, मध्ये एक जागा सोडून. कार्डावरच्या माझ्या आकड्यावर बोट ठेवून तो म्हणाला,

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."