पट्ट्याला आडवी

सूनबाईच्या नवऱ्याने आपल्या बाबांचा हात धरून छिन्नी दगडाच्या कडेवरल्या करड्या पट्ट्यावर नेमकी टेकवली आणि म्हणाला, "हं, मारा." बाबांनी हातोडी मारली. छपरासाठी पातळ पाटी सुटायला हवी, तिथे मूठभर कपच्या उडाल्या. सकाळपासून हा तिसरा दगड.

सूनबाई शेडच्या दारात उभी राहून बघत होती. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत असे. पण पिढ्यान् पिढ्या छपराच्या पाट्या काढणाऱ्या या घरात तिच्या पदवीला कुणी फारशी भीक घालत नसे. सूनबाई दगडाचं आजोळ शोधते, अशी तिची थट्टा व्हायची. तीही हसायची, कारण ते खरंच होतं.

करवत नवऱ्याची आणि छिन्नी बाबांची, अशी इथली वाटणी. दोन वर्षांपूर्वी बाबांची नजर गेली, तेव्हापासून नवरा छिन्नी लावून देई. 'पट्टा बघ, छिन्नी लाव' हे त्याला बाबांनीच लहानपणी शिकवलेलं. जुन्या खाणीतल्या दगडावर काही अडलं नाही. महिन्याभरापूर्वी नवी बाजू खणली आणि सगळं बिनसलं. दुपारी ग्रंथालयाच्या छपरासाठी पाट्या बघायला माणूस येणार होता, आणि नवऱ्याने तिला सकाळीच हळू आवाजात सांगितलं होतं की आता बाहेरून कारागीर आणू, बाबांना उद्यापासून बाकावर बसवायचं नाही. तिला ते फार लागलं होतं.

तिने कपच्यांतला एक मोठा तुकडा उचलून उजेडात फिरवला. एक बाजू आरशासारखी सपाट होती, आणि करडे पट्टे तिला चक्क तिरके छेदून गेले होते. तिला मनापासून हसू आलं.

तिने नवऱ्याला बाजूला घेतलं. हे पट्टे म्हणजे गाळाचे जुने थर, ती म्हणाली. पण तो गाळ पुढे जमिनीच्या पोटात गेला, तापला, दोन्ही बाजूंनी रेटला गेला. गर्दीत माणूस अंग चोरून आडवा होतो, तसा त्यातला कण न् कण रेट्याला आडवा झाला, आणि चिखलाचा पाटीचा दगड झाला. आता तो त्या कणांच्या रेषेत फुटतो; थर नुसते दिसायला उरलेत. जुन्या खाणीत दोन्ही एकाच दिशेला होते, म्हणून आपलं निभावलं.

"म्हणजे छिन्नी आडवी लावू?" नवरा कुरकुरला. "हे पुस्तकात ठीक आहे."

"तू लावूच नकोस. त्यांची त्यांना लावू दे."

चौथा दगड बाकावर आला. बाबांनी सवयीने छिन्नी धरलेला हात पुढे केला आणि वाट पाहिली. कुणी धरला नाही. मग त्यांनी डाव्या अंगठ्याने दगडाची कड सावकाश चाचपली, एका जागी थबकले, परत मागे आले आणि पट्ट्याला आडवी छिन्नी टेकवली. दोन हलके टोले दिले. दगड वहीचं पान उलटावं तसा सुटला.

नवरा त्या पाटीकडे बघतच राहिला. "पट्टे पार तिरके गेलेत हिच्यावरून," तो म्हणाला.

"तिरके?" बाबांनी मान वळवली. "नव्या दगडात पट्टे तिरके आहेत?"

"हो."

"मग महिनाभर तू छिन्नी कुठे धरत होतास?"

नवऱ्याने चपलेने कपच्या बाजूला सारल्या. "पट्ट्यावर."

बाबा पाटीवरून तळहात फिरवत राहिले.

"हात सांगत होता, इथे नाही म्हणून," शेवटी ते म्हणाले. "पण तुला दिसतंय, मला दिसत नाही, म्हणून गप्प बसलो. वाटलं, माझाच हात गेला."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवली.

"पुढचा आण," बाबा म्हणाले. "आणि लांब उभा राहा."