परतीचं चार्जिंग

चाकणच्या चौकातून बाहेर पडताना निरंजनने स्कूटर डावीकडे दाबून कंटेनरला वाट दिली. वेग वाढवायची त्याला भीती वाटत होती. समोरच्या पडद्यावर बॅटरी एकोणीस टक्क्यांवर आली होती.

"थांबतोयस का रं?" मागून सुमनताईंनी विचारलं.

"नाही आई. हळू चाललोय."

"हळूच जा. घाई न्हाई."

स्कूटर कंपनीतल्या जयसिंगची होती, रविवारपुरती मागून आणलेली. भोसरीहून रोज शिफ्टला जायला आता पेट्रोलची गाडी नको, घरीच चार्ज होणारी घेऊ, असा रुपालीने धोशा लावला होता. "आणि मधेच बंद पडली तर बायकोने ढकलायची का?" असं तो तिला म्हणाला होता. म्हणून आधी चालवून बघायची होती. तेवढ्यात राजगुरुनगरहून मामेभावाचा, ओंकारचा फोन आला. धोंडीबामामाला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, आत्याला घेऊन ये म्हणाला. निरंजनची मोटारसायकल गॅरेजमध्ये खोलून पडलेली, आणि रात्री नेमकी वीज गेल्याने स्कूटरचं चार्जिंग अर्धवट राहिलेलं.

आकडा पंधरावर आला तेव्हा त्याला रस्त्याकडेला पिठाची गिरणी दिसली. त्याने गाडी आत घेतली.

"थोडा वेळ चार्जिंगला लावू का, काका?"

"लावा की," गिरणीवाला म्हणाला. "बाईंना बसू द्या सावलीत."

सुमनताई बाकावर बसल्या. निरंजन पडद्याकडे बघत उभा राहिला. एक टक्का वाढायला किती वेळ लागत होता! त्याने जयसिंगला फोन लावला.

"डबलसीट आहात राव, बॅटरी लवकर उतरणारच," जयसिंग म्हणाला. "परतीचं पण धरून चार्ज कर. गडबड करू नको."

फोन ठेवून निरंजन आईजवळ आला.

"अजून बराच वेळ लागेल. परत यायचं पण बघायला पाहिजे."

"लागू दे." सुमनताई बाकावर सांडलेल्या पिठात बोटाने रेघ ओढत होत्या. ओढायची, तळव्याने पुसायची, पुन्हा ओढायची. त्या हलायला तयार नाहीत, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"त्याला बोलता येतंय का?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"शब्द जुळत नाहीत म्हणाला ओंकार."

सुमनताईंनी पिठातली रेघ तळव्याने पुसली.

"तुझ्या बापाच्या दहाव्याला मी सारखी रस्त्याकडं बघत होते. वाटायचं, दादा आता येईल, मग येईल."

मामा आलाच नव्हता. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. का आला नाही, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

निरंजन पुन्हा स्कूटरपाशी गेला.

"किती झालं?" मागून आवाज आला.

"सत्तावीस. जायला पुरेल, पण परतीचं..."

"जायला पुरतंय ना? मग काढ वायर." सुमनताईंनी हात झटकले आणि त्या उठल्या.

राजगुरुनगरला पोचेपर्यंत निरंजनची नजर पडद्यावरून हटत नव्हती.

धोंडीबा पुढच्या खोलीत खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बहिणीला बघून त्यांच्या घशातून नुसता आवाज निघाला. सुमनताई उंबऱ्यातच थांबल्या. ओंकारने खुर्ची पुढे केली, तरी त्या बसेनात. निरंजनला वाटलं, आता ही माघारी फिरेल, आणि माघारी जाण्याइतकं चार्जिंग गाडीत नव्हतं.

"दादा," सुमनताई म्हणाल्या, "पोराच्या गाडीला वायर लावायचीय. बोर्ड कुठाय?"

धोंडीबांनी चांगला हात उचलला. उशाशी बोर्ड होता. त्यात टेबलपंख्याची पिन होती. ती त्यांनी चाचपडत धरली आणि ओढू लागले.

"अण्णा, पंखा राहू दे. मागच्या खोलीत लावतो मी," ओंकार म्हणाला.

त्यांनी ऐकलं नाही. पिन निघाली, पंखा थांबला.

निरंजन वायर हातात घेऊन तसाच उभा राहिला. सुमनताई आत आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि पदराने भावाला वारा घालू लागल्या.