भाऊसाहेबांसमोरची जागा

"डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच बघा," यशवंतराव म्हणाले आणि मारुतीच्या देवळात बसलेल्या पंधरा-वीस माणसांनी डोळे मिटले. शालनबाईंनी मिटले नाहीत. बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे, पाठ ताठ ठेवून त्या यशवंतरावांकडे बघत राहिल्या.

त्यांना इथे धाडलं होतं चिंचवडच्या डॉक्टरांनी. डोकं ठणकायचं, छाती धडधडायची. दंडाला पट्टा आवळून डॉक्टर म्हणाले होते, "बाई, रक्तदाब फार वाढलाय. गोळ्या देतो, पण तुमचं दुखणं रागाचं आहे. मारुतीच्या देवळात एक पेन्शनर गुरुजी ध्यान शिकवतात. रोज सकाळी अर्धा तास शांत बसत जा."

पहिल्या दिवशी त्या खरोखरच शांत बसायला आल्या होत्या. पण पाटावरचा माणूस बोलू लागला आणि त्या जागच्या जागी थिजल्या. दाढी पांढरी झाली होती, आवाज तोच. पिंपरीचे तलाठी, भाऊसाहेब.

चार वर्षांपूर्वी कारखान्यासाठी जमिनी गेल्या, तेव्हा याच आवाजानं त्यांच्या नवऱ्याला, आबाजींना, कागद वाचून दाखवला होता. "विहीर तुमच्याकडंच राहते, आबाजी. उठवा अंगठा." आबाजींनी उठवला. महिन्याभरात तारेचं कुंपण पडलं आणि विहीर आत गेली. कागदावर ती पहिल्यापासून कारखान्याचीच होती. आबाजी जाब विचारायला गेले, तर भाऊसाहेब भर चावडीत म्हणाले, "म्हातारा खोटं बोलतोय. लिहिलं होतं तेच मी वाचलं."

विहीर गेल्याचं आबाजींनी सोसलं असतं. चारचौघांत खोटं ठरल्याचं सोसलं नाही. त्यांनी बोलणंच टाकलं आणि दिवाळीच्या आत गेले.

"बाई, डोळे मिटा ना," आठवडाभरानं यशवंतराव म्हणाले.

"मिटत न्हाईत, भाऊसाहेब."

चिंचवडात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. तो जुना शब्द ऐकला आणि यशवंतरावांनी त्यांना ओळखलं. त्या दिवशी त्यांनी ध्यान अर्ध्यावरच आटोपलं.

शालनबाई एक सकाळ चुकल्या नाहीत. हळूहळू यशवंतरावांचे शब्द अडखळू लागले. लोकांना डोळे मिटायला सांगून ते स्वतः जमिनीकडे बघत बसत. इकडे शालनबाईंचं डोकं ठणकायचं थांबलं.

"ध्यान लागलं की तुमचं!" पट्टा सोडत डॉक्टर म्हणाले.

"लागलंय. लई चांगलं लागलंय," शालनबाई म्हणाल्या.

तिसऱ्या महिन्यात यशवंतरावांच्या बायको इंदुताई शालनबाईंच्या दारात आल्या. "शालनबाई, त्यांची झोप उडालीय. घास गिळत नाहीत. तुम्ही येऊ नका हो. पाया पडते."

शालनबाईंनी त्यांना घरात घेतलं, चहा दिला. मग म्हणाल्या, "आमचं मालक पाच महिनं बोललं न्हाईत. तवा मी बी अशीच तुमच्या दारी आले व्हते. 'एवढं खरं सांगा' म्हनून. तुमीच दार लावलं व्हतं, ताई."

कप खाली ठेवून इंदुताई निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी यशवंतराव पाटावर बसले नाहीत. उभे राहिले. "डोळे उघडेच ठेवा आज," ते म्हणाले. "पिंपरीचे आबाजी खरं बोलत होते. मी वाचलं एक, कागदावर होतं दुसरं. वरून घाई होती, मला अंगठे हवे होते. खोटा मी होतो." मग शालनबाईंकडे वळून त्यांनी हात जोडले. "मला माफ करा."

सगळ्या माना वळल्या.

"न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "ह्ये त्यांच्या कानावर पडाया हवं व्हतं." त्यांनी पदर सावरला आणि त्या देवळाबाहेर पडल्या.

रस्त्याला लागल्यावर त्यांचे पाय आपोआप भराभर पडू लागले. बाजारात कुणी हाक मारली, तरी थांबल्या नाहीत. धापा टाकत, पन्नाशीची बाई जवळजवळ पळतच घराशी आली, कडी काढली आणि दार ढकलून म्हणाली, "अवो, ऐकलं का—"

घरात कुणीच नव्हतं. दार धरून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.