करंबळाच्या चकत्या

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी घर सुटलं आणि विश्वनाथ आणि अलकनंदा गुडगावला मुलीकडे राहायला आले. सुनीतीने ऑफिसपासून जवळ, सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. तेव्हा तिथे इमारती आधी उठत होत्या आणि रस्ते मागाहून येत होते. विश्वनाथांचं मन काही रमेना. उठता-बसता ते विचारायचे, "हे घर कुणाचं?" अलकनंदा ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्यांच्या किडन्या अधू झाल्या होत्या. डॉक्टरांनी केळी, आंबा, नारळपाणी सगळं बंद केलं होतं. जेवणानंतर फळ नाही म्हणून ते लहान मुलासारखे रुसायचे. एक दिवस खालच्या हातगाडीवर अलकनंदाला करंबळं दिसली. तिच्या माहेरी, मालवणला, परसात त्याचं झाड होतं. इथे त्याला कमरख म्हणत. शेजारच्या चढ्ढाबाई म्हणाल्या, "शुगर नहीं बढ़ती इससे, विटामिन सी भी है." डॉक्टरांनी तर या फळाचं नावही घेतलं नव्हतं. अलकनंदाने किलोभर घेतली.

दुपारी तिने चकत्या कापल्या. प्रत्येक चकती चांदणीसारखी. तिघांनी खाल्ल्या, विश्वनाथांनी जरा जास्तच.

संध्याकाळी त्यांना उचकी लागली, ती थांबेचना. चिमूटभर साखर झाली, श्वास रोखून झाला. मग त्यांनी विचारलं, "हे घर कुणाचं?"

"तुमच्या लेकीचं. आता पुरे करा हं," अलकनंदा म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिला राग आला. एवढं हौसेने फळ आणलं, तरी यांचं टुमणं सुरूच. ती स्वयंपाकघरात निघून गेली. सुनीती चहा घेऊन त्यांच्याजवळ गेली तेव्हा ते अदबीने उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, माझी बस चुकेल."

सुनीती हसली. मग हसायची थांबली.

"आई, बाबा मला ओळखत नाहीयेत."

हॉस्पिटलात साखर तपासली, ठीक होती. डोक्याचा फोटो काढला, त्यातही काही नव्हतं. उचकी चालूच होती. अखेर किडनीच्या डॉक्टर आल्या.

"माताजी, आज इन्होंने खाया क्या?"

अलकनंदाने भाजी-भातापासून सगळं सांगितलं. कमरख म्हणताच डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि नर्सला डायलिसिसची तयारी करायला सांगितलं.

"पण मी खाल्लंय, हिने खाल्लंय," अलकनंदा म्हणाली. "आम्हाला तर काही झालं नाही."

डॉक्टरांनी समजावलं. फळ चांगलंच आहे. पण त्यात एक विषारी द्रव्य असतं. धड किडनी ते बाहेर टाकते. यांच्या अंगात ते साठलं आणि मेंदूवर गेलं.

अलकनंदाने मान हलवली. तिला शब्द कळले, पण अर्थ जुळेना. केळं वाईट, ते पोटॅशियममुळे, हे ती पाठ करून बसली होती. आता विषाचं नवीनच. मग जे चांगलं, ते कुणासाठी चांगलं? माहेरी सगळं घर हेच खात मोठं झालं होतं. आणि आपण रागावून स्वयंपाकघरात बसलो, तेव्हा ते खरंच विचारत होते का? कधीपासून खरं विचारत होते?

दोनदा डायलिसिस झाल्यावर उचकी थांबली. तिसऱ्या दिवशी विश्वनाथ तिच्याकडे बघून म्हणाले, "अगं, तू जेवलीस का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घडलेलं सगळं तिने सांगितलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं, फळ खाल्ल्याचंसुद्धा.

"कसं लागलं होतं?" त्यांनी विचारलं.

"आंबटगोड."

"मला आवडलं होतं?"

"दोनदा मागून घेतलंत."

त्यांच्यावर चिडावं की हसावं, तिला कळेना. तिने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली आणि नर्सला विचारायला गेली, सफरचंद तरी चालेल ना, आणि चालेल तर किती.