लाल दांडा, पिवळा दांडा

आम्हा बहीण-भावांत पंप एक, खताची टाकी एक, शेतं मात्र दोन. वडिलांनी वाटणी करताना जमीन तोडली, पाइप तोडले नाहीत. पंपघरातून दोन व्हॉल्व्ह निघतात. लाल दांड्याचा दादाच्या ढोबळी मिरचीला, पिवळ्याचा माझ्या. विद्राव्य खत आम्ही निम्मं निम्मं आणायचो आणि ठिबकमधून सोडायचं काम दादाचं, पंपघराची किल्लीही त्याच्याकडेच, कारण तो मोठा. मोठ्याला सगळं येतं हे आमच्या घरात कुणी तपासून पाहत नाही.

या हंगामात त्याची मिरची हिरवीगार आणि माझी आजारी माणसासारखी पिवळी. विचारलं तर म्हणाला, तुझी जमीनच नाटकी आहे. आईनेही मान डोलावली. दादा दोघांना सारखंच देतो, तूच लक्ष देत नाहीस, असं वर ऐकवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पुरावा नव्हता.

मग एकदा तो पिवळा दांडा फिरवून चहाला गेला आणि मी माझ्या सरीत बसून नळीखाली वाटी धरली. आमच्या खताचं पाणी फिकट निळं दिसतं. वाटीत स्वच्छ पाणी पडत होतं, अगदी प्यायच्या लायकीचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाळीत त्याच्या नळीखाली वाटी धरली. निळं. म्हणजे टाकीतलं सगळं खत आधी स्वतःच्या शेतात रिकामं करायचं आणि उरलेलं नुसतं पाणी बहिणीला. सख्ख्या बहिणीला!

भांडले असते तर त्याने साफ कानावर हात ठेवले असते. म्हणून मी भांडले नाही, स्क्रूड्रायव्हर घेतला. दादा चहाला जाताना पंपघर उघडंच टाकायचा आणि दांडे तर एकेका स्क्रूवर बसवलेले असतात. लाल पिवळ्याच्या जागी लावला, पिवळा लालच्या. पाणी दोन्हीकडे सारखा वेळ जायचं, शिवाय दादा कधी सरीत वाकत नाही, त्यामुळे त्याला पत्ता लागला नाही. रोज तो लाल दांडा फिरवून माझ्या मिरचीला मनापासून खाऊ घालत होता. मला झोप कशी छान लागायची!

माझी मिरची तरारली, त्याची उतरली. तेव्हा या पठ्ठ्याने गुपचूप टाकीत जास्तीचं खत ओतायला सुरुवात केली. ते सगळं माझ्या झाडांच्या मुळाशी. पानांच्या कडा करपायला लागल्या, फुलं गळू लागली. माझं वर्ष त्या फुलांवर होतं. सांगावं तर माझंच पितळ उघडं पडणार. त्याच संध्याकाळी दांडे पुन्हा आपापल्या जागी लावले आणि माझ्या सऱ्या साध्या पाण्याने धुऊन काढल्या. त्याला काही सांगितलं नाही. ओत म्हटलं, हवं तेवढं ओत.

त्याने ओतलं. आठवडा संपायच्या आत त्याचं शेत विस्तव फिरवल्यागत करपलं.

मग त्याला स्क्रूवरचे ताजे ओरखडे दिसले. तो तसाच घरात आला. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, मी हात धूत होते. त्याने माझ्याकडे बोट केलं.

"आई, हिने व्हॉल्व्हचे दांडे बदलले होते. माझं वाटोळं केलं हिने."

आईने मला विचारलं, खरं का? मी हो म्हणाले.

आई त्याच्याकडे वळली.

"बदलले तर बदलले. पाणी दोघांना सारखं, खत दोघांना सारखं. मग दांडा कुठलाही असला तरी तुझं काय बिघडलं?"

दादाचे कान लाल झाले. आईच्या हातातली जुडी खाली आली आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जमिनीकडे बघायला लागला.

"पंपघराची किल्ली दे," ती म्हणाली.

त्याने किल्ली ओट्यावर ठेवली. आईने ती माझ्याकडे सरकवली. भावाची दया यायला हवी होती. मला नाही आली.