कर्नलसाठी वाकलेली दुनळी

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, आणि जन्मापासून वाकडी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी मला कर्नल फॅनशॉसाठी घडवलं. त्याचा उजवा डोळा लढाईत गेला, असं तो सांगे. खरं तर शॅम्पेनच्या बाटलीचं बूच लागलं होतं. बंदूक डाव्या खांद्याला लावली असती तरी भागलं असतं. पण माणूस हट्टी. मग माझा अक्रोडाचा दस्ताच असा वळवला, की तो उजव्या खांद्याला टेकावा आणि नळ्या डाव्या डोळ्यासमोर याव्यात. कर्नलने जन्मभर तितर पाडले, वाहवा घेतली. तो गेला आणि मी माळ्यावर गंजत पडले.

पुढे लिलावात मला यॉर्कशरच्या बर्ट्रम ऑर्मरॉइडने घेतलं. जुन्या बंदुकांवर याची भारी माया. म्हणजे काय, तर काचेच्या कपाटात कोंडायचं आणि कुणी बोट लावलं की खेकसायचं. एकदा त्याचा दोस्त जाइल्स चहाला आला. मला बघून म्हणाला, "हिच्यावर कुणी बसलं होतं का रे?"

बर्ट्रम ओशाळला. "शुक्रवारी कारागिराकडे नेतोय. गरम तेलाने दस्ता सरळ करून घेतो."

माझा जीव नळ्यांपर्यंत आला. सरळ झाले की मी उरलेच कुठे?

त्याची बायको विनिफ्रेड केक कापत होती. तिला उजव्या डोळ्याने धूसर दिसे. ऑपरेशनचा नंबर काही लागत नव्हता. नेमबाजीच्या क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर ती बार काढी, एक फुटत नसे. नवरा म्हणे, "विनी, तू चकत्यांना घाबरव फक्त."

शुक्रवारी जाइल्सही सोबत निघाला. वाटेत क्लब लागला. विनिफ्रेड म्हणाली, "सरळ करायच्या आधी मला एकदा उडवू दे."

"वाकडीने काय लागणार?"

"सरळीने तरी कुठे लागतंय?"

तिने मला उजव्या खांद्याला लावलं, आणि नळ्या आपसूक तिच्या डाव्या, चांगल्या डोळ्यासमोर आल्या. चकती उडाली, फुटली. दुसरीही फुटली. जाइल्सच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं.

"नशीब," बर्ट्रम म्हणाला.

"मग तू उडव की."

त्याने उजवा डोळा लावून नेम धरला. चकत्या जशाच्या तशा गवतात उतरल्या.

"बर्ट्रम," विनिफ्रेड म्हणाली, "तू चकत्यांना घाबरव फक्त."

गरम तेल टळलं. मित्रांनो, जुनी वस्तू जरूर जपा, पण सुधारायला धावू नका. ती कुणासाठी वाकली होती, ते आधी विचारा. आणि अधूनमधून कपाट उघडा.

परवा इस्पितळातून फोन आला, डोळ्याचा नंबर लागलाय म्हणून. विनिफ्रेड मला पुसत होती. फोनवर म्हणाली, "नेमबाजीचा हंगाम संपू द्या."